दुपारी जेवलीस का?

पोटगीच्या एका अर्जावर नवऱ्याकडून आलेलं लेखी म्हणणं मी परवा वाचत होते. दहा वर्षं सल्ला केंद्रात काम केल्यावर ही म्हणणी आता पाठ झाली आहेत. बाई आळशी आहे, सासूला उलटून बोलते, माहेरच्यांचं ऐकते, आपल्या पायानं घर सोडून गेली, नवरा आजही तिला नांदवायला तयार आहे. पण या म्हणण्याच्या सातव्या परिच्छेदात एक नवं वाक्य होतं. अर्जदार ही परक्या लोकांसोबत हॉटेलात बसून जेवण करीत असताना गावातील लोकांनी तिला समक्ष पाहिलेले आहे.

ते परके लोक म्हणजे मी.

त्या दिवशी काय झालं ते आधी सांगते. ती सातारा जिल्ह्याच्या डोंगरी भागातली, वय सत्तावीस, पदरात पाच वर्षांची मुलगी. तारखेला यायचं म्हणजे पहाटे साडेचारला उठायचं, भावजयीच्या घरातलं सगळं आवरायचं (माहेरी राहणाऱ्या बाईला हे चुकत नाही), मुलीला आजीकडे द्यायचं आणि पहिली एसटी धरायची. गाडीत मळमळतं म्हणून पोटात काही घालायचं नाही. कोर्टात स्वच्छतागृहाला कुलूप, म्हणून पाणीही प्यायचं नाही. पुकारा कधी होईल त्याचा भरवसा नाही, म्हणून जागा सोडायची नाही. दुपारी दोनला पुकारा झाला, पुढची तारीख पडली, आणि पायरीवरून उतरताना ती मटकन खाली बसली. मी विचारलं, "सकाळपासून काय खाल्लंस?" ती म्हणाली, "घरी जाऊन खाईन की ताई. आता किती, सहा वाजेस्तोवर पोचतेच."

मी तिला हाताला धरून स्टँडमागच्या एका खानावळीत नेलं. दारातच पोऱ्यानं आम्हा दोघींकडे पाहून वरती बोट दाखवलं. "लेडीज? फॅमिलीत बसा." फॅमिली म्हणजे लोखंडी जिन्यावरचा पोटमाळा. तिथे कांद्याची पोती, बंद पंखा, मळकट पडदा. खाली आठ टेबलं होती, त्यातली पाच रिकामी. मी म्हटलं, आम्ही खालीच बसतो. ती मात्र उभीच. "ताई, हितं बसलं तर चालतं का?" मग बसली, भिंतीकडे तोंड करून. दोन भाकऱ्या, पिठलं, अख्खा मसूर, ठेचा, कांदा, भात. अर्धी भाकरी तिनं न बोलता पदरात घेतली, मुलीसाठी. मी आणखी एक मागवली आणि बांधून द्यायला सांगितली, तेव्हा कुठे तिनं ती अर्धी परत ताटात ठेवली. लग्न होऊन आठ वर्षं झाली होती, आणि घरातलं कुणी बरोबर नसताना बाहेर बसून जेवायची ही तिची पहिलीच वेळ. तेवढ्यात गावाकडचं कुणीतरी स्टँडवर उतरलं असणार.

आता यात हसण्यासारखं काय आहे, असं कुणाला वाटेल. आमच्या केंद्रात पहिल्यांदा सगळ्या हसल्याच. वकीलबाई हसल्या नाहीत. पोटगीचा कायदा पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५व्या कलमात होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४व्या कलमात आला. कलमाचा आकडा बदलला, पण त्यातली जुनी अट तशीच राहिली. पत्नी व्यभिचारी जीवन जगत असेल तर तिला पोटगी नाही. हॉटेलात जेवली एवढ्यावर कुठलंही कोर्ट ते मान्य करणार नाही, हे नवऱ्याच्या वकिलालाही ठाऊक असतं. तरीही ते वाक्य लिहिलं जातं, कारण ते वाचणाऱ्याच्या मनात काय उमटेल याची खात्री असते. घराबाहेर बसून, पैसे देऊन, स्वतःसाठी जेवणारी बाई. एवढंच चित्र पुरतं.

मैत्रिणींनो, मारहाण, हुंडा, टाकलेल्या बायकांचे प्रश्न, जमीन, पाणी, यांवर आपण पुष्कळ लिहिलं आहे. बाईच्या दुपारच्या जेवणावर मात्र मी कुठे वाचल्याचं आठवत नाही. मलाही तो लिहिण्याचा विषय वाटला नव्हता. त्या सातव्या परिच्छेदानंतर मी आणि माझी सहकारी कामासाठी जिथे जिथे जात होतो, तिथे दुपारी मुद्दाम खानावळ शोधून जेवायला बसू लागलो. कधी दोघी, बऱ्याचदा एकटी. साताऱ्यात पोवई नाका, राजवाड्याचा परिसर, स्टँड, क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयाच्या आसपास. सांगलीत गणपती पेठ, स्टेशन रोड, विश्रामबाग, आणि मिरजेत दवाखान्यांच्या गल्ल्या. याला पाहणी म्हणावं इतकं ते शास्त्रशुद्ध नव्हतं. एमएसडब्ल्यूला शिकवलेली प्रश्नावली आम्ही काढलीसुद्धा नाही. जेवत होतो आणि बघत होतो.

पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की एकटी बाई खानावळीत शिरली की तिला प्रथम विचारतात, "पार्सल का?" पुरुषाला विचारत नाहीत. हा प्रश्न वाईट हेतूनं येत नाही. मालक सज्जन असतो, बहुतेक वेळा 'ताई' म्हणतो. पण त्याच्या हिशेबात बाई अन्न न्यायला येते, खायला येत नाही. घरी कुणीतरी भुकेलं आहे, त्याच्यासाठी ती आली आहे. "नाही, इथेच जेवणार आहे," असं म्हटलं की दुसरा प्रश्न, "किती जण?" एक म्हटलं की मग तो पोटमाळा किंवा पडदा.

या फॅमिली रूमबद्दल आपल्यातच मतभेद आहेत हे मला माहीत आहे. सांगलीच्या एका बैठकीत एक ज्येष्ठ कार्यकर्ती मला म्हणाल्या, "अगं, पडदा आहे म्हणून तरी बाई आत येते. तुझ्यासारखी सगळ्यांच्यात बसायची हिंमत सगळींना नसते." त्यांचं खोटं नाही. लहान मूल अंगावर पीत असेल, पुरुषांचं टेबल दारू पिऊन आलेलं असेल, तर आडोसा बरा वाटतो. पण आडोसा मागणं वेगळं आणि आडोशाला पाठवलं जाणं वेगळं. शिवाय 'फॅमिली' या शब्दातच मेख आहे. ज्या बाईला फॅमिलीनं घराबाहेर काढलं, तिनं कुठे बसायचं?

आपल्या राज्यघटनेच्या १५व्या कलमाचा दुसरा भाग या निमित्तानं पुन्हा वाचला. दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांत प्रवेश देताना धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणाला आडकाठी करता येणार नाही. जात हा शब्द तिथे का आला ते आपण जाणतो. हॉटेलात वेगळी कपबशी, बाहेर बसवून वरून ओतलेलं पाणी, हा इतिहास फार लांबचा नाही. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचं हॉटेल काढलं तेव्हा राजर्षी शाहू महाराज स्वतः तिथे जाऊन चहा प्याले आणि बरोबरच्यांनाही पाजला, हे आपल्या भागात शाळकरी पोरालाही माहीत आहे. एकत्र बसून खाणं हा या मातीत राजकीय प्रश्न होता, आणि आहे. पण त्याच कलमात जातीच्या शेजारी लिंग हा शब्दही आहे, त्याकडे आपलं लक्ष गेलेलं नाही. बाईला दारातून कुणी हाकलत नाही, म्हणून तिथे भेदभाव नाही असं आपण धरून चालतो.

जातीचा प्रश्नही संपलेला नाही. आजही आपल्याकडे मराठा खानावळ, लिंगायत खानावळ, ब्राह्मणी पद्धतीचं जेवण, अशा पाट्या राजरोस दिसतात. पाटी चवीची आहे, असं सांगितलं जातं. चवीची असेलही. पण एका बचत गटाच्या बायकांनी तालुक्याच्या गावी दुपारच्या जेवणाचा गाळा चालवायचं ठरवलं, तेव्हा गटातल्या दोन बौद्ध बायकांनी भाकऱ्या थापायच्या की फक्त भांडी घासायची, यावरून गट फुटायची वेळ आली होती. मी त्या बैठकीला होते. शेवटी त्या दोघींनीच, "आमी भाजी निवडतो, मिटवा," म्हणून मिटवलं. मी तेव्हा गप्प बसले. गट टिकायला हवा होता, अहवाल द्यायचा होता. ते मला अजून टोचतं.

आता खानावळीच्या आतल्या बाजूला या. हायवेला पेठ नाक्यापासून साताऱ्यापर्यंत ढाब्यांच्या पाट्या मोजा. घरगुती जेवण. चुलीवरची भाकरी. आईच्या हातची चव. मावशीची खानावळ. कितीतरी ठिकाणी दर्शनी भागातच चूल मांडून नऊवारीतली बाई भाकऱ्या थापायला बसवलेली असते, गिऱ्हाइकाला गाडीतून दिसावी म्हणून. धूर तिच्या डोळ्यांत, फोटो गिऱ्हाइकाच्या मोबाइलमध्ये. घरात बायकांचं जे काम मोजलं जात नाही, त्याचीच बाहेर पाटी लावली की किंमत येते. सरकारच्या २०२४च्या वेळवापर पाहणीत घरातल्या बिनपगारी कामाला बाई दिवसाला २८९ मिनिटं देते आणि पुरुष ८८, असं आलं आहे. त्या २८९ मिनिटांची चव विकली जाते. आणि तशीच दुसरी बाई ती चव बसून खायला आली, तर तिला पडदा.

एका ढाब्यावर भाकरी थापणाऱ्या मावशींना मी विचारलं, तुम्ही कधी जेवता? "चार वाजता, गर्दी सरली की." काय जेवता? "उरतं ते." इथल्याच टेबलावर बसता का? त्या माझ्याकडे बघून नुसत्या हसल्या.

खानावळ ही मुळात बायकांचीच गोष्ट आहे, हे आपण विसरलो आहोत. आपल्या सातारा जिल्ह्यातून, कोकणातून पुरुष मुंबईच्या गिरण्यांत गेले, बायका गावी शेती आणि सासू-सासरे सांभाळत राहिल्या. एकट्या राहणाऱ्या त्या पुरुषांना गिरणगावात जेवू घातलं ते दुसऱ्या बायकांनी, दहा बाय दहाच्या खोल्यांत. महिन्याच्या हिशेबावर दोन वेळचं जेवण, आणि बाई स्वतः वाण्याच्या आणि सावकाराच्या उधारीत. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते या खानावळवाल्यांना घेऊन. राष्ट्रीयीकृत बँकेकडून त्यांना स्वतःच्या नावावर कर्ज मिळवून दिलं. ज्यांना जग भाकरी भाजणारी म्हणत होतं, त्यांना व्यवसाय करणारी म्हणायला लावलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि चुली थंडावल्या. संपाच्या इतिहासात कामगारांची पानं पुष्कळ आहेत, त्यांची ताटं वाढणाऱ्यांची फार थोडी.

आपल्या भागाच्या इतिहासातही तेच. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींच्या मुलांना एका छपराखाली राहायला आणि एका पंगतीत जेवायला लावलं. त्या वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा विकलं. प्रतिसरकारच्या काळात भूमिगतांना रानात भाकरी पोचवणाऱ्या बायका या दोन्ही जिल्ह्यांत गावोगाव होत्या. बाईनं दुसऱ्याला जेवू घातलं की तो त्याग होतो, देशकार्य होतं. ती स्वतः जेवायला बसली की परिच्छेद सात होतो.

मिरजेचा अनुभव थोडा वेगळा आला, तो सांगायला हवा. मिरजेत मोठमोठे दवाखाने, पलीकडे कर्नाटक. पेशंटबरोबर आलेल्या बायका तिथे आठ आठ दिवस मुक्कामाला असतात, कानडी बोलणाऱ्याही पुष्कळ. त्यामुळे दवाखान्याजवळच्या साध्या खानावळींत बायका एकट्या बसून जेवताना दिसतात. कुणी वळून बघत नाही. पेशंटची आई, पेशंटची बायको, पेशंटची सून, असं कारण कपाळावर लिहिलेलं असतं ना. एक म्हातारी माझ्या समोर बसली, अर्धा मराठी अर्धा कानडी बोलत होती. मुलाचं ऑपरेशन झालं होतं. मला म्हणाली, "निदान इथं कुणी तरी मला वाढतंय." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. आयतं, गरम, समोर आलेलं ताट तिला दवाखान्याच्या वारीत मिळत होतं.

विश्रामबागला कॉलेजच्या आणि स्पर्धा परीक्षेच्या मुलामुलींच्या मेस आहेत. तिथे मुलगे मेसमध्ये बसून जेवतात, मुली डबा मागवून खोलीवर जेवतात. मेस चालवणाऱ्या काकूंना कारण विचारलं तर म्हणाल्या, मुलींनाच आवडत नाही. मुलींना विचारलं तर म्हणाल्या, "बसलं की सगळे ताटाकडे बघतात, किती चपात्या घेतल्या ते." डबा सकाळी दहाला येतो, दुपारी दीडला गार होतो. बसणाऱ्याला आमटी पुन्हा वाढतात, डब्यात एकदाच येते. पैसे दोघांनाही जवळपास तेवढेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायकांत रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या फेरीत ४८ होत्या. लोहाच्या गोळ्या वाटून आपण थकलो. दुसऱ्यांदा वाढलेली आमटी कोणाला मिळते हा प्रश्न त्या आकड्यात कुठेतरी आहे, असं मला वाटतं.

माझी मामेबहीण नवऱ्याच्या नोकरीनिमित्त जपानात ओसाकाला राहते. तिला हे सगळं फोनवर सांगत होते, तर तिनं तिथल्या दुपारचं वर्णन केलं. ऑफिसच्या भागात गल्लीगल्लीत छोटी जेवणघरं. ठरलेलं ताट असतं, भात, सूप, लोणचं, मासा किंवा भाजी. पुष्कळ ठिकाणी दारात यंत्र असतं, पैसे टाकायचे, चिठ्ठी घ्यायची, लांब फळीसमोर एकेकट्याच्या बैठकी, तिथे बसायचं. कुणाशी बोलावं लागत नाही. बाया येतात, वीस मिनिटांत जेवून जातात. "सुरुवातीला मला वाटलं, बिचाऱ्या एकट्या," ती म्हणाली. "मग मीही जायला लागले." तिथे सगळं छान आहे असं नाही. तिथेही घरचा भार बाईवरच जास्त, आणि बैलाच्या मांसाचा भातवाडगा किंवा शेवयांचं सूप विकणारी दुकानं तिथेही बराच काळ पुरुषांचीच समजली जात, बाईला आत शिरायला संकोच वाटे. चिझुको उएनो या स्त्रीवादी समाजशास्त्रज्ञ बाईंनी २००७ मध्ये एकट्या बाईच्या म्हातारपणावर पुस्तक लिहिलं, ते तिकडे भरपूर खपलं. 'ओहितोरिसामा' हा त्यातला शब्द. हॉटेलात एकट्या आलेल्या गिऱ्हाइकाला अदबीनं म्हणतात तो. आपल्या पोऱ्याच्या "किती जण?" या प्रश्नाला "एक" असं उत्तर दिल्यावर पुढे अदब यावी, असा शब्द आपल्याकडे नाही. सध्या 'मॅडम, पार्सल?' आहे.

पैशाचं काय, हा प्रश्न वाचणाऱ्या कार्यकर्त्या विचारतीलच. खरं आहे. दिवसभर रानात राबून जे हातात येतं त्यातलं ताटाला द्यायचं म्हटलं की बाईचा जीव तुटतो. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि गाड्या बायकांनी भरल्या, हे आपण रोज बघतो. तालुक्याला, जिल्ह्याला, दवाखान्यात, बँकेत, कोर्टात बाई आता आपली आपण येते. पण ती स्टँडवर उतरल्यापासून परतीच्या गाडीपर्यंत उपाशी असते. वडापाव घेतलाच तर उभ्यानं, पाठ फिरवून. तिकिटातून वाचलेले पैसे मुलांच्या खाऊत जातात.

स्वस्त जेवणाच्या योजना सरकारनं केल्या नाहीत असं नाही. १९९५ साली युतीचं सरकार आलं तेव्हा एक रुपयात झुणका भाकर आली. मोक्याच्या जागा दिल्या गेल्या, पुढे अनुदान बंद झालं, आणि पुष्कळ केंद्रांच्या जागी भलतीच दुकानं दिसू लागली. २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी सुरू झाली, दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. कोरोनाच्या काळात या थाळीनं माणसं जगवली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. अनेक केंद्रं बचत गटांच्या बायका चालवत होत्या, बिलं वेळेवर निघत नसताना पदरमोड करून. पण त्या रांगेतही बाया कमीच दिसायच्या. रांग पुरुषांची, उभं राहून खायचं, शेजारी मोरी नाही. ताट स्वस्त झालं की बाई येईलच, असा हिशेब करणाऱ्यानं तिला बसायला बाक आणि जायला स्वच्छतागृह लागतं हे धरलेलंच नसतं. खानावळीत आम्ही आधी स्वच्छतागृह आहे का ते बघायला शिकलो. बहुतेक ठिकाणी नव्हतं, किंवा होतं ते मागच्या बोळात, पुरुषांसाठी उघडंच. बाई पाणी पीत नाही, आणि पाण्याशिवाय भाकरी घशाखाली उतरत नाही. इतकं हे साधं आहे.

आपल्या संस्थांचंही थोडं बोलू. आमच्या केंद्राच्या अंदाजपत्रकात केससाठी येणाऱ्या बाईचा प्रवासखर्च आहे, कोर्ट फी आहे, झेरॉक्स आहे. जेवण नाही. शिबिराला जेवण असतं, तारखेला नाही. मी हे गेल्या बैठकीत मांडलं तर आमच्याच खजिनदार म्हणाल्या, "मग उद्या सगळ्या जेवायलाच येतील." आल्या तर काय बिघडलं, हे मी तिथे बोलले नाही, इथे लिहिते आहे. आम्ही कार्यकर्त्यासुद्धा चहा-बिस्किटावर दिवस काढतो आणि संध्याकाळी ते अभिमानानं सांगतो. उपाशी राहणं ही आपल्यालाही कामाची खूण वाटते. घरच्या बाईला सासूनं शिकवलं, आपल्याला चळवळीनं, फरक एवढाच. माझी आई रोज फोनवर विचारते, जेवलीस का? मी रोज हो म्हणते, आणि दर वेळी ते खरं नसतं.

त्या म्हणण्याला उत्तर देताना वकीलबाईंचं मत होतं की सातव्या परिच्छेदाला नुसतं 'नाकबूल' लिहावं. कायद्यानं ते सोयीचं. तिला वाचून दाखवलं तर ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "पण मी जेवले तर होते. खोटं कशाला लिहायचं?" शेवटी असं लिहिलं की अर्जदार त्या दिवशी पहाटेपासून उपाशी होती, चक्कर आल्यामुळे समाजसेविकेसोबत तिने खानावळीत जेवण केले, आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही. त्यावर तिनं सही केली. अर्जाचा निकाल अजून लागलेला नाही.

पुढच्या तारखेला मी सांगलीला होते, ती एकटीच कोर्टात आली होती. संध्याकाळी फोनवर मी विचारलं, जेवलीस का? म्हणाली, "न्हाई ताई. दारापातुर गेले, बापयं लई हुती." त्याच्या पुढच्या तारखेला आमच्याकडे येणाऱ्या आणखी दोघींना तिच्याबरोबर जोडून दिलं. तिघी गेल्या, खाली बसल्या. पोऱ्यानं वर बोट दाखवलं होतं, पण तिनं म्हणे त्याला सांगितलं की वर पंखा चालत नाही.

तर माझं मागणं असं आहे. आमच्या केंद्रानं येत्या वर्षापासून तारखेच्या खर्चात दुपारचं जेवण धरायचं ठरवलं आहे, खजिनदारांसकट सगळ्यांच्या संमतीनं. इतर गटांनीही विचार करावा. नगरपालिका आणि एसटीकडे मागण्यांची निवेदनं आपण देतोच, त्यात स्टँड आणि कोर्टाजवळ बायकांनी चालवलेली, बसायला जागा आणि वापरता येईल असं स्वच्छतागृह असलेली खानावळ ही मागणी घालावी. गाळा देताना तो बचत गटाला प्राधान्यानं द्यावा, आणि भाकरी कोणी थापायची हे गटानं जात बघून ठरवू नये, हेही आपणच आपल्याला बजावावं. सातारा आणि सांगलीत जिथे एकटी बाई कुणी न हटकता खाली बसून जेवू शकते, अशा खानावळींची यादी आम्ही करत आहोत. सध्या ती वहीच्या एका पानात मावते. तुमच्या गावची अशी एखादी जागा माहीत असेल तर मासिकाच्या पत्त्यावर कळवा. ताटाचा भाव, स्वच्छतागृह आहे की नाही, आणि दुसऱ्यांदा आमटी वाढतात का, एवढं नक्की लिहा.